एचडी ६००: ग्राफ बघून घेतला, कानाने तपासला

सेनहायझर एचडी ६०० हा हेडफोन म्हणजे काही नवा माल नाही. १९९७ पासून बाजारात आहे, म्हणजे हे वाचणाऱ्या काही जणांच्या वयापेक्षा जुना, आणि तरीही हेडफोनचा विषय निघाला की कोणीतरी हमखास "सहाशे घे" म्हणणारच. मग आता याचा रिव्ह्यू कशाला? तर याची मापं इतक्या लोकांनी इतक्या वेळा काढलीयेत की ग्राफमध्ये काय दिसतं आणि कानाला काय ऐकू येतं हे ताडून बघायला याच्याइतका सोयीचा नमुना नाही. खरं तर मला दोन्ही पार्ट्यांचा कंटाळा आलाय. एक म्हणते ग्राफ बघा, बाकी सगळं थोतांड. दुसरी म्हणते ग्राफ घाला चुलीत, कान काय सांगतो ते खरं. माझं म्हणणं एवढंच आहे की ग्राफ खोटं बोलत नाही, पण तो दुसऱ्याच्या कानाचा असतो, आणि तो दुसराही रबराचा.

आधी वस्तू बघू. दिसायला एकदम नव्वदच्या दशकातला, निळसर करड्यावर ठिपके ठिपके, थेट स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटाच. मागे जाळी आहे, म्हणजे ओपन बॅक. वजन वायर सोडून २६० ग्रॅम, त्यामुळे मान दुखत नाही, पण नवा असताना डोकं चांगलंच आवळतो, पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवा असं सगळे सांगतात आणि ते बरोबर आहे. प्रत्येक पार्ट सुटा निघतो, वायर, पॅड, वरची गादी, त्यामुळे वीस-वीस वर्षं वापरलेले पीस लोकांकडे अजून चालू आहेत. बॉक्सवर फ्रिक्वेन्सी रेंज (किती खालच्या सुरापासून किती वरच्या सुरापर्यंत वाजतो ते, हर्ट्झमध्ये) १२ हर्ट्झपासून थेट चाळीस हजाराच्या आसपास लिहिलेली असते, तिच्याकडे बघूही नका. माणसाला वीस हजाराच्या पुढे ऐकू येत नाही, चाळिशीनंतर तर पंधरा हजाराचेही वांधे असतात, आणि मुख्य म्हणजे त्या रेंजमध्ये आवाज किती वर-खाली होतो हे त्या आकड्यात कळतच नाही.

तर ग्राफ. मापणारे लोक एक खोटं डोकं घेतात, त्याला सिलिकॉनचे कान, कानाच्या पडद्याच्या जागी माइक, त्यावर हेडफोन चढवतात आणि २० हर्ट्झपासून २० हजारापर्यंत एक सरकता सूर वाजवतात. माइकला काय पोचलं त्याची रेघ म्हणजे फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स. नवीन माणूस ती रेघ बघून पहिल्यांदा दचकतो, कारण ३ हजार हर्ट्झजवळ भला मोठा डोंगर दिसतो, दहा-बारा डीबीचा (डीबी म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप), आणि तो म्हणतो अरे हा हेडफोन तर बिघडलेला आहे. बिघडलेला नाही. आपली कानाची पाळी आणि आतली नळी मिळून तिथला आवाज पडद्यापर्यंत पोचेस्तोवर तेवढा वाढवतातच, आपण जन्मापासून सगळं जग त्या डोंगरासकटच ऐकत आलोय. समोर स्पीकर ठेवला तर डोकं, खांदे, कान हे काम फुकटात करतात. हेडफोन थेट कानावर बसतो, त्यामुळे त्यातला बराच वाटा त्याला स्वतः आणून द्यावा लागतो. ज्या हेडफोनचा रॉ, म्हणजे काही दुरुस्ती न लावलेला, ग्राफ पट्टीने आखल्यासारखा सरळ येईल तो कानाला घशात बोळा कोंबलेला वाटेल.

मग डोंगर किती उंच हवा, बास किती हवा, हे कोणी ठरवायचं? इथे हार्मन टार्गेट येतं. हार्मन या ऑडिओ कंपनीतले शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांचे सहकारी २०१२-१३ पासून यावर काम करत होते. त्यांनी केलेली शहाणपणाची गोष्ट म्हणजे एकाच हेडफोनवर सॉफ्टवेअरने वेगवेगळ्या हेडफोनचे रिस्पॉन्स चढवून लोकांना ऐकवले, म्हणजे ब्रँड, वजन, उशी कातड्याची की मखमलीची, किंमत, यातलं काहीच ऐकणाऱ्याला कळायला नको. त्यातून लोकांना सरासरी जे आवडलं त्याची रेघ म्हणजे टार्गेट. पुढे २०१८ मध्ये ३१ हेडफोन घेऊन त्यांनी दाखवलं की या रेघेपासून हेडफोन किती लांब आहे एवढ्यावरून लोकांची पसंती बऱ्यापैकी ओळखता येते, कोरिलेशन ०.८६ (१ म्हणजे तंतोतंत जुळणं). हा आकडा ऐकून कानवाल्या पार्टीने थोडं गप्प बसायला हरकत नाही. पण त्याच मंडळींनी असंही सांगितलंय की ऐकणाऱ्यांपैकी साधारण ६४ टक्के लोकांना हे टार्गेट आवडतं, १५ टक्क्यांना बास आणखी हवा असतो आणि २१ टक्क्यांना कमी. म्हणजे तिघातला एक जण मुळात त्या रेघेचा गिऱ्हाईकच नाही. ग्राफवाली पार्टी हे वाक्य वाचताना नेमकी चहा आणायला उठते.

एचडी ६०० या टार्गेटशी लावून बघितला तर साधारण १०० हर्ट्झपासून वर आठ-दहा हजारापर्यंत अगदी रेघ धरून चालतो. १०० ते २०० मध्ये थोडा फुगवटा, ३ हजाराजवळ एखाद-दोन डीबी जास्त, एवढंच. खाली मात्र साठ-सत्तर हर्ट्झनंतर रेघ उतरायला लागते ती उतरतच जाते, २० हर्ट्झला टार्गेटच्या दहा डीबीहूनही खाली. डायनॅमिक ड्रायव्हर (आतला छोटा स्पीकर) आणि मागून उघडा म्हटल्यावर हे होणारच, हवेचा दाब धरून ठेवायला काही नाही. म्हणजे नुसता ग्राफ वाचून सांगायचं तर आवाज स्वच्छ, गाणारा माणूस पुढे, बास कमी.

आता कान काय म्हणतो. मी मुख्यतः शास्त्रीय, नाट्यसंगीत आणि जुनी गाणी ऐकतो, म्हणून पहिली परीक्षा तंबोऱ्याची. तंबोऱ्यात दडवायला काही नसतं, चारच तारा आणि बाकी सगळा जवारीचा खेळ. पुरुष गायकाचा सा काळी एक धरला तर खर्जाची तार बसते साधारण ६९ हर्ट्झला. बाईच्या आवाजाचा तंबोरा काळी चार किंवा पाचला लावला तर खर्ज १०४ ते ११७ च्या घरात. आता हे आकडे आणि वरची उतरण शेजारी शेजारी ठेवून बघा. सगळ्यात खालची तारसुद्धा उतरण सुरू होते तिथेच किंवा त्याच्या वर बसते. त्यामुळे ग्राफवर जो एवढा मोठा दोष दिसतो तो भीमसेनजी किंवा किशोरीताई ऐकणाऱ्याच्या वाट्याला येतच नाही, उलट १०० च्या वरच्या त्या फुगवट्याने तंबोऱ्याला भोपळ्याचा भरीवपणा मिळतो. आणि जवारी, म्हणजे दोरा नेमका सरकवून तार खुलवल्यावर जी झंकाराची माळ वर चढत जाते, तिचं बरचसं काम एक ते पाच हजाराच्या पट्ट्यात चालतं, आणि तिथे हा हेडफोन सगळ्यात सरळ आहे. मी जितके हेडफोन ऐकलेत त्यात तंबोऱ्याच्या चार तारा चार वेगळ्या जागी लागल्यासारख्या इतक्या साफ मला दुसरीकडे क्वचितच ऐकू आल्या.

गळ्याचंही तसंच. किशोरीताईंच्या विलंबित आलापात दोन स्वरांच्या मधला जो पोकळ श्वासाचा भाग असतो, सूर सुटत आलाय पण सुटलेला नाही, तो इथे ऐकू येतो आणि मुद्दाम पुढे आणून ठेवल्यासारखा येत नाही. पण ३ हजाराजवळचे ते एक-दोन डीबी जास्तीचे आहेत ना, ते कान पकडतो बरं का. पन्नासच्या दशकातली लताबाईंची मोनो रेकॉर्डिंग, वरच्या पट्टीत आवाज आणि मागे व्हायोलिनचा ताफा, अशा ठिकाणी आवाज कडक होतो. तिथे रेकॉर्डिंगचाही वाटा आहेच, पण तीच गाणी याच्याच भावंडावर, एचडी ६५० वर, थोडी मऊ वाजतात, आणि दोघांचे ग्राफ वर-खाली ठेवले तर फरक नेमका त्या दिशेलाच दिसतो. इथे ग्राफ आणि कान एकमेकांना टाळी देतात. एक-दोन डीबी म्हणजे कागदावर केसभर, पण ती रुंद पट्टी असेल तर ऐकू येते, आणि कान सगळ्यात तिखट असतो तोच नेमका हा भाग.

बासचंही कान ग्राफसारखंच सांगतो, फक्त संगीत बदलावं लागतं. डग्ग्याची घिस्सा घेतलेली मींड मस्त येते, बोटाचा दाब कळतो, घुमारा थोडा आखडता. पण ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावा, ताशाची तर्री एकेक काडी मोजता येईल अशी आणि ढोल मात्र शेजारच्या गल्लीत. हल्लीच्या सिनेमातली गाणी, ज्यात चाळीस हर्ट्झचा सिंथ बास गाण्याचा पायाच असतो, त्यात तर पाया कापून गाणं वर उचलून धरल्यासारखं होतं. ज्याला रोज हेच ऐकायचंय त्याने हा हेडफोन घेऊ नये, लोक कितीही पाया पडून सांगोत.

इथपर्यंत ग्राफवाल्यांचा विजय झाला असं वाटेल. आता वर चढू. आठ-नऊ हजाराच्या वरचा भाग ही ग्राफची सगळ्यात कच्ची जागा आहे आणि नेमका तिथलाच एकेक खड्डा आणि एकेक सुळका दाखवून लोक भांडत असतात. कारण साधं आहे. ८ हजार हर्ट्झच्या आवाजाची लांबी हवेत जेमतेम सव्वाचार सेंटीमीटर. म्हणजे कानाच्या पाळीच्या मापाचीच. पाळीची घडी थोडी वेगळी, नळी दोन मिलिमीटर लांब, हेडफोन किंचित पुढे बसला, की सुळके-खड्डे इकडचे तिकडे. जुन्या प्रकारचे खोटे कान तर आठ-दहा हजाराच्या पुढे माणसाच्या कानासारखे वागतीलच असं धरून बनवलेलेच नव्हते, ब्रुएल अँड केअरच्या ५१२८ नावाच्या नव्या डोक्यात खऱ्या माणसांच्या स्कॅनवरून कानाची नळी घडवली आहे म्हणून ते वरपर्यंत जरा भरवशाचं. पण ते झालं तरी सरासरी माणसाचं. सरासरी माणूस मला अजून रस्त्यात भेटलेला नाही.

हे घरी तपासता येतं. फोनवर टोन जनरेटरचं फुकट अ‍ॅप घ्या, आवाज अगदी बारीक ठेवा आणि ४ हजारावरून हळूहळू वर सरकवा. कुठे सूर एकदम टोचायला लागतो, कुठे एकदम गळून जातो ते बघा. माझ्या कानात एचडी ६०० वर सहा हजाराच्या थोडं अलीकडे एक टोच येते आणि नऊ हजाराच्या आसपास सूर जवळजवळ गायब होतो. हेडफोन अर्धा सेंटीमीटर पुढे ढकलला की गायब व्हायची जागा सरकते. बायकोला तोच सूर ऐकवला तर तिची टोचायची जागा तिसरीच. हेडफोन एकच, गाणं एकच, आणि ग्राफ तर आम्हा दोघांपैकी कोणाचाच नाही. मग "सिम्बल्स थोडे चमकतात" असं एकाने लिहिलं आणि दुसऱ्याने "छे, वरचं तर दबलंय" असं लिहिलं तर दोघेही खरं बोलत असू शकतात, त्यात एकमेकांची अक्कल काढायची गरज नाही.

दुसरी मोठी फट म्हणजे सील, म्हणजे उशी कानाभोवती किती घट्ट बसते ते. माझ्याकडे एक बंद पाठीचा हेडफोन आहे, नाव घेत नाही कारण दोष त्याचा नसून माझ्या चष्म्याचा आहे. त्याचा ग्राफ म्हणजे टार्गेटवर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवलेला. कागदावर एचडी ६०० पेक्षा कितीतरी सरस, बास तर २० हर्ट्झपर्यंत ठासून भरलेला. मी घातला की तो बास जातो कुठे कळत नाही. चष्म्याची दांडी कानाच्या वरून जाते तिथे उशी काडीभर उचलली जाते, तेवढ्या फटीतून खालचा सगळा दाब निसटतो. बोटाने उशी दाबली की बास हजर, बोट सोडलं की फरार. मापणाऱ्या खोट्या डोक्याला ना चष्मा असतो ना केस ना जबड्याखालचा खळगा, त्याचं सील नेहमी पक्कं. एचडी ६०० वर चष्मा घातला-काढला तरी फरक फार थोडा, कारण तो मुळातच उघडा आहे, निसटायचं ते आधीच निसटून झालंय. म्हणजे गंमत बघा, कागदावर बास कमी असलेला हेडफोन मला प्रत्यक्षात बास जास्त देतो. चष्मा असणाऱ्यांनी ग्राफ बघताना बंद हेडफोनच्या बासची रेघ विश्वासाने वाचूच नये, घालून बघावं. नॉइज कॅन्सलिंगवाल्यांमध्ये कपाच्या आत माइक बसवून बासवर लक्ष ठेवतात, तिथे हा त्रास बराच कमी होतो, ते वेगळं प्रकरण.

मित्राकडे बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो आहे, २५० ओहमवाला (ओहम हे इम्पीडन्सचं, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). त्याच्या ग्राफवर आठ-नऊ हजाराला सुळका आहे हे सगळ्या मापणाऱ्यांचं एकमत आहे, आणि सुळका एवढा रुंद आणि उंच असला की मग माझा कान तुझा कान हा वाद उरत नाही, सगळ्यांनाच थोडाफार ऐकू येतो. त्याची परीक्षा अभंगात होते. टाळ. मागे वीस-पंचवीस टाळकरी असलेली मैफल लावली की गाणारा बुवा राहतो बाजूला आणि टाळांचाच कार्यक्रम होतो. मला थोड्या वेळात काढावासा वाटतो. मित्र मात्र म्हणतो तुझा सहाशे म्हणजे खिडकीला पडदा लावून ऐकल्यासारखं आहे. तो पन्नाशी ओलांडलेला, वरच्या फ्रिक्वेन्सी वयाने कमी ऐकू येत जातात, तो सुळका कदाचित त्याला चष्म्याच्या नंबरासारखा उपयोगी पडत असेल. मी हे त्याला तोंडावर सांगितलं, तो हसला नाही.

आता दुकानातल्या डेमोबद्दल, कारण "ऐकून घ्या" असं सांगणारे ते काही बोलत नाहीत. एका दुकानात, नाव नको, मी सहाशेचा डेमो पीस घातला तर पॅड पापडासारखे चपटे. पॅड चेपले की ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो आणि रिस्पॉन्स बदलतो, त्यामुळे तिथे ऐकलेला सहाशे आणि घरी खोक्यातून काढलेला सहाशे हे वेगळे हेडफोन म्हणायला हरकत नाही. शेजारच्या काउंटरवर ब्लूटूथ स्पीकर ठणाणा करत होता, वर एसी. त्यात दोन हेडफोन बदलून बदलून ऐकायचे तर दोघांचा आवाज सारखा कोणी करून देत नाही. ६०० ला ३०० ओहम, बाजूचा ३२ ओहमचा, त्याच व्हॉल्यूमवर तो दणकन मोठा वाजणार आणि गिऱ्हाईक म्हणणार वा, यात जान आहे. एका डीबीचा फरक असला तरी कानाला तो "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. त्यात आणखी फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून ठेवलंय की हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो, म्हणजे नुसता व्हॉल्यूम बदलला तरी हेडफोनचा स्वभाव बदलल्यासारखा वाटतो. तेव्हा कान सांगतो तेच खरं म्हणायचं असेल तर आधी त्या कानाला समान आवाज, शांत खोली आणि झाकलेला ब्रँड द्या, मग बोलू.

पण ग्राफमध्ये एक गोष्ट खरोखरच दिसत नाही आणि ती म्हणजे जागा. एचडी ६०० ची रेघ बघून कोणालाही कळणार नाही की याचा आवाज डोक्याच्या अगदी जवळ उभा राहतो. डावीकडे एक ढीग, उजवीकडे एक ढीग, मधे गायक, आणि त्यांच्यामधली जागा रिकामी रिकामी. तबला उजवीकडे आणि पेटी डावीकडे असेल तर प्रश्न नाही, पण मोठा वाद्यवृंद दाटीवाटीने बसल्यासारखा वाटतो. २००९ मध्ये आलेल्या सेनहायझरच्याच एचडी ८०० मध्ये कप मोठे आणि ड्रायव्हर तिरका, तिथे जागा मोकळी, पण दोघांच्या ग्राफवरून हे असं होईल असं मी पैज लावून सांगितलं नसतं. कानाची पाळी किती मोकळी राहते, ड्रायव्हर कुठल्या कोनातून बघतो, उशी कानाला टेकते की नाही, याचा त्यात हात असावा. बाकी "डिटेल", "स्पीड", "ट्रान्झियंट" हे जे शब्द रिव्ह्यूंमध्ये खैरातीसारखे वाटले जातात त्यातलं बरंचसं मला रिस्पॉन्सचंच रूप वाटतं. हेडफोन बऱ्याच अंशी मिनिमम फेज असतो, म्हणजे रेघ ठरली की सूर किती चटकन उठतो आणि किती चटकन थांबतो हेही त्यातच ठरतं. सूर थांबल्यावर आवाज कसा विरत जातो ते दाखवणारा तो रंगीत वॉटरफॉल ग्राफ दिसायला भारी, पण बहुतेक वेळा तीच गोष्ट दुसऱ्या खिडकीतून.

अ‍ॅम्पचं थोडक्यात, नाहीतर यावरच रात्र जाईल. ३०० ओहम ऐकून घाबरू नका, फोनला लावायचा बरा डोंगल रोजच्या ऐकण्याला पुरतो, फक्त जुन्या मैफिलींची रेकॉर्डिंग हळू असतात तिथे चावी टोकाला जाते. ट्यूब अ‍ॅम्पवर सहाशेला "ऊब" येते म्हणतात ना, त्यातला काही भाग चक्क गणित आहे. याचा इम्पीडन्स १०० हर्ट्झजवळ साडेपाचशेच्या आसपास चढतो. अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स १०० ओहम असेल तर तिथे बाकीच्यापेक्षा साधारण १ डीबी जास्त पोचतो, म्हणजे आधीच फुगवटा आहे तिथेच आणखी थोडा फुगवटा. छान वाटतं, नाही कोण म्हणतंय, पण त्यासाठी तीस हजाराच्या काचेच्या नळ्या घ्यायच्या की इक्यूमध्ये (सॉफ्टवेअरच्या इक्वलायझरमध्ये) एक बटण फिरवायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. किमतीवरून आठवलं, २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनचे रिस्पॉन्स आणि किमती ताडून पाहिल्या आणि दोघांत काही संबंध सापडला नाही. हे वाचल्यापासून मला महाग हेडफोनच्या जाहिराती जास्त करमणुकीच्या वाटतात.

ग्राफ वाचणाऱ्यांसाठी दोन-तीन सावधगिऱ्या सांगतोच. उभ्या अक्षावर किती डीबी दाखवलेत ते आधी बघा, शंभर डीबीची पट्टी लावली तर कुठलाही हेडफोन सपाट मैदान दिसतो. स्मूदिंग किती केलंय, म्हणजे रेघ किती गुळगुळीत केलीय, ते बघा, जास्त केलं की सुळके विरघळतात. आणि एका माणसाच्या मशीनवरचा ग्राफ दुसऱ्याच्या मशीनवरच्या ग्राफशेजारी ठेवून निकाल देऊ नका, डोकं वेगळं, कान वेगळे, टार्गेट वेगळं. एकाच मशीनवर मापलेले दोन हेडफोन शेजारी ठेवले तर मात्र फरकाची दिशा बहुतेक वेळा बरोबर असते. त्यातही तुम्हाला माहीत असलेला, रोज वापरलेला हेडफोन त्यात असेल तर सोनंच. ग्राफ मला तसाच वापरायला आवडतो: माझ्याकडे हा आहे, तो याच्यापेक्षा २०० ला एवढा जास्त आणि ५ हजाराला एवढा कमी, म्हणजे पेटी जाड होईल आणि तबल्याची किनार बोथट. असं काढलेलं अनुमान सहसा फसत नाही.

आणि हो, खोटं डोकं मापतात ते शांत पेटीत. माझ्या घरी वर पंखा, आत कुकर, खाली रिक्षावाला रिव्हर्स घेताना वाजणारी ट्यून. ओपन बॅकमधून हे सगळं आत येतं आणि तुमचं गाणं बाहेर जातं, शेजारी झोपलेल्या माणसाला भैरवी ऐकायची नसली तरी. लोकलमध्ये, ऑफिसात याचा उपयोग शून्य. पंख्याची घरघर नेमकी खालच्या पट्ट्यात असते, म्हणजे आधीच कमी असलेला बास त्याखाली आणखी झाकला जातो. रात्री पंखा बंद करून ऐकलं तर याच हेडफोनमध्ये बास आहे की, असं वाटतं. हे कुठल्या ग्राफवर काढणार?

इक्यू लावणार असाल तर विंडोजवर इक्वलायझर एपीओ, अँड्रॉइडवर वेव्हलेट, दोन्हीत ऑटोइक्यू या प्रकल्पाची, मापांवरून बनवलेली तयार प्रोफाइल वापरता येते. ती आहे तशी सगळी लावू नका, आठ हजाराच्या वरचं काढून टाका, ते दुसऱ्याच्या कानाचं औषध आहे. मी लावतो ते एवढंच: १०० हर्ट्झच्या खाली लो शेल्फ (तिथून खालचं सगळं एकत्र उचलणारं फिल्टर) ४ डीबी, ३ हजाराला दीड डीबी कमी, आणि वर एकूण पातळी खाली आणायला प्रीअ‍ॅम्प उणे ४, नाहीतर आवाज फाटतो. शेल्फ आठ-दहावर नेऊन याच्यातून डीजे काढायच्या भानगडीत पडू नका, ड्रायव्हरला खाली तेवढी हवा ढकलता येत नाही, डिस्टॉर्शन वाढतं आणि ते ढोलावर लगेच कळतं.

घ्यावा का? गळा, तंबोरा, सतार, बासरी, जुनी गाणी, घरी शांत कोपरा, डोळ्यांवर चष्मा: डोळे झाकून घ्या. नवीन सिनेमासंगीत, प्रवास, गेम, दणका: नको. भाव सेलमध्ये बराच उतरतो त्यामुळे घाई करू नका, आणि सेकंड हँड मिळत असेल तर चांगलाच सौदा आहे, फक्त पॅड चेपले आहेत का ते हाताने दाबून बघा आणि नव्या पॅडची किंमत धरूनच भाव करा.